निश्चित चांगले गायके भाऊजी

गायके भाऊजींनी माझ्या पुरणपोळीला बारा वर्षांत एकदाही 'व्हेरी' दिलेलं नाही.

दर होळीला पहिली पोळी नैवेद्याची आणि दुसरी शेजारी गायक्यांकडं, असा आमचा रिवाज. ताट भिंतीवरूनच जातं, कारण फाटकातून वळसा घालायला माझे गुडघे तयार नसतात. भाऊजी ओट्यावर बसतात, पोळी खातात, बोटं पुसतात आणि डोळे मिटतात. भिंतीच्या या बाजूला मी उभी, त्या बाजूला दारात त्यांची बायको शांताबाई उभी. दहावीच्या निकालाची बघावी तशी आम्ही दोघी वाट बघतो. मग भाऊजी डोळे उघडून म्हणतात, "पॉझिटिव्हली गुड."

पहिल्या वर्षी मला राग आला होता. एवढं तूप, एवढी वेलची, आणि हे काय तोंडातल्या तोंडात. तर शांताबाई मला बाजूला घेऊन म्हणाली, "रागावू नका हो. माझ्या हातच्याला नुसतं 'गुड' आहे. तुम्ही माझ्यापेक्षा एक पायरी वर आहात. रागवायचं तर मी रागवायला पाहिजे."

आता ही पायऱ्यांची भानगड काय ते सांगते. भाऊजी सरकारी कचेरीत कारकून होते आणि त्यांची जवळजवळ सगळी नोकरी एका टेबलावर गेली, गोपनीय अहवालाच्या. वर्षाच्या शेवटी साहेब लोक आपल्या हाताखालच्या माणसांबद्दल बंद पाकिटात लिहून देतात की हा कसा आहे, तो कसा आहे. ती पाकिटं नोंदवायची, लावून ठेवायची, कपाटाला कुलूप घालायचं, हे भाऊजींचं काम. अख्खा माणूस त्या कागदावर दोन शब्दांत बसवायचा असतो. सगळ्यात वर आउटस्टँडिंग. त्याखाली व्हेरी गुड. त्याखाली पॉझिटिव्हली गुड, मराठीत निश्चित चांगला. मग गुड. मग ॲव्हरेज. त्याच्याही खाली काय असतं ते भाऊजी बायामाणसांसमोर बोलत नाहीत.

मी एकदा विचारलं, "भाऊजी, आउटस्टँडिंग कुणाला मिळालं का हो कधी?"

"एकाला मिळालं. तो वारला."

"आउटस्टँडिंगनं?"

"नाही वहिनी. आधी वारला, मग दिलं."

नोकरी संपली तेव्हा टेबल कचेरीत राहिलं, कपाट राहिलं, किल्लीसुद्धा दुसऱ्याला दिली. पायऱ्या तेवढ्या भाऊजी पडेगावला घरी घेऊन आले. आमच्या कॉलनीत तेव्हापासून सगळ्या गोष्टींना दर्जा आहे. नळाच्या पाण्याला ॲव्हरेज. कोपऱ्यावरच्या चहाला गुड, पण सकाळच्याच. संध्याकाळचा त्याच पातेल्यातला असतो म्हणून त्याला शेरा नाही. गुलमंडीच्या बाजारात सदऱ्याचं कापड घ्यायला गेले, तर दुकानदार म्हणाला, "साहेब, व्हेरी व्हेरी फाइन माल आहे." भाऊजी म्हणले, "त्यातला एक व्हेरी काढा, मग बोलू." त्या बिचाऱ्याला वाटलं हा भाव पाडायचा नवा प्रकार आहे. त्यानं दुसरा तागा उलगडला.

त्यांचं एक म्हणणं आहे. "वहिनी, इंग्रजीत वस्तूचं नाव कुणीबी सांगतं. पण किती, हे सांगता आलं पाहिजे. तिथं माणूस उघडा पडतो." मी चौथी पास. पुढचं इंग्रजी मी दुकानांच्या पाट्यांवरून, औषधांच्या खोक्यांवरून आणि नातीच्या पुस्तकांतून उचललेलं. त्यामुळं मला हे 'किती'चं प्रकरण लई आवडतं आणि भिंतीवर कोपर टेकून मी ते ऐकत असते. माझी नात सई कॉलेजात आहे. एकदा ती पोळी खाताना म्हणाली, "आजी, इट इज टू टेस्टी." भिंतीपलीकडून लगेच आवाज आला.

"टू म्हणजे नको तितकं. टू हॉट, पिता येत नाही. टू टाइट, घालता येत नाही. टू टेस्टी म्हणजे खाता येत नाही. ठेव मग ती पोळी खाली."

"काका, आमच्या कॉलेजात सगळे असंच बोलतात."

"मग कॉलेज ॲव्हरेज आहे."

सईनं पोळी ठेवली नाही, पण तेव्हापासून ती खाताना भिंतीकडं बघून खाते.

व्हेरी एक्सलंट म्हणायचं नाही, हेही मी त्यांच्याकडूनच शिकले. एक्सलंट आधीच डोंगरावर जाऊन बसलाय, त्याला शिडी कशाला लावता, असं त्यांचं म्हणणं. शिवाय प्रत्येक शब्दाचं घर ठरलेलं. 'हायली' हे शिकलेल्या माणसाला लागतं, दमलेल्याला लागत नाही. 'डेड' हे दमलेल्याला लागतं, डेड टायर्ड. शिकलेल्याला लावलं तर भांडण होईल. मला हे पटकन कळलं. मेथीला लसूण, वरणाला हिंग. हिंग चांगला असतो म्हणून कुणी खिरीत घालत नाही. हे मी त्यांना सांगितलं तर भाऊजी पेपर खाली ठेवून म्हणले, "वहिनी, तुम्ही मॅट्रिक झाला असता तर माझं टेबल तुम्हाला मिळालं असतं." माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात मोठं कौतुक आहे. दर्जा त्यांनी त्यालाही दिला नाही.

कॉलनीच्या व्हॉट्सॲपवर एका बाईनं नवऱ्याला 'व्हेरी व्हेरी व्हेरी हॅपी बर्थडे' असं टाकलं होतं. भाऊजींनी खाली लिहिलं, 'एक पुरे.' दोन दिवस त्या घरात कुणी भाऊजींशी बोललं नाही. कॉलनीतल्या कदमांच्या मुलीचं लग्न जमत होतं त्या वेळी तर कहर झाला. मुलाकडचे लोक गुपचूप शेजारीपाजारी चौकशी करत आले आणि नेमके भाऊजींच्या ओट्यावर चढले. मुलगी कशी आहे म्हणून विचारलं. भाऊजींनी नीट विचार करून सांगितलं, "पॉझिटिव्हली गुड." ते लोक चहा न घेता उठले. बाहेर जाऊन म्हणले, काहीतरी असणार, म्हातारा धड सांगत नाही. मग शांताबाई आणि मी रिक्षा करून मुलाच्या मावशीकडं गेलो आणि दोन तास बसून कचेरीच्या सगळ्या पायऱ्या समजावून आलो. लग्न झालं. जावई अजून भाऊजींना लांबूनच नमस्कार करतो.

हसण्यावारी न्यायच्या या गोष्टी. हसून सोडून देता आली नाही अशी एकच घडली, ती रेहानाची.

रेहाना आमच्या पलीकडच्या गल्लीत राहते. नवरा रिक्षा चालवतो, दोन मुली शाळेत जातात. भाऊजींच्या आईचं, म्हणजे मायचं, खुब्याचं हाड मोडलं आणि ती खाटेला खिळली, तेव्हा शांताबाईच्यानं एकटीनं उचलणं-बसवणं होईना. कुणीतरी रेहानाचं नाव सुचवलं. माय मूळची पिशोर गावची, बोलायला तिखट. पहिल्या दिवशी रेहाना खाटेपाशी उभी राहिली तर मायनं तिला खालपासून वरपर्यंत बघितलं.

"तू कुणाची गं?"

"पिशोरच्या बाजारात बांगड्या विकायचे ना, उस्मानचाचा, त्यांची नात."

"उस्मान्याची व्हय? लई भांडायचा तो. हातात घालताना बांगडी फुटली तरी माझ्यावरच वरडायचा."

"हौ, घरात बी तसेच होते."

झालं. तिथून पुढं चार वर्षं त्या खोलीत माय आणि रेहाना, आणि आम्ही सगळे बाहेरचे. मायला कुशीवर वळवायचं, अंग पुसायचं, वेणी घालायची, आणि हे करताना दोघी मिळून पिशोरच्या बाजारातल्या एकेका दुकानदाराची साल काढायच्या. त्यातले निम्मे दुकानदार रेहानाच्या जन्माआधी मेलेले, पण तिला सगळे माहीत होते. भाऊजी दारात खुर्ची टाकून ऐकायचे. मध्ये काही बोलायला गेले की माय म्हणायची, "तुला काय कळतंय, तू हापिसात होता."

माय गेली. खाट घडी करून गच्चीवर ठेवली. रेहाना मग सकाळी तासाभरासाठी यायला लागली, शांताबाईला भाकऱ्या थापून द्यायला. काम तासाचं, पण ती बसायची दोन तास. भाऊजी पेपर घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी. रेहाना परातीत पीठ मळता मळता सांगायची, "साहेब, मायनं एकदा त्या डॉक्टरला काय म्हणलं माहीत आहे का?" भाऊजींना ती गोष्ट पाठ होती. मला भिंतीपलीकडं पाठ होती. तरी ते विचारायचे, "काय म्हणली?"

अशात रेहानाला नोकरीची वार्ता लागली. छावणीच्या बाजूला एका ट्रस्टचं म्हाताऱ्या माणसांना सांभाळायचं घर आहे. तिथं एक जागा होती. दिवसाची पाळी, कायमचं काम, हातात शिक्का मारलेलं ओळखपत्र. रेहाना मला म्हणाली, "काकू, आजपर्यंत मी लोकांच्या घरी काम केलं. कुणी विचारलं काय करते, तर काय सांगायचं? तिथं लागले तर मुली सांगतील, अम्मी नोकरीला आहे." तिला ती जागा किती हवी होती ते तिच्या डोळ्यांत दिसत होतं. अट एकच, आधी जिथं आजारी माणसाची सेवा केली त्या घरचा अभिप्राय आणायचा. त्यांचा फॉर्म होता, इंग्रजीत, एक पान. खाली चार चौकटी छापलेल्या: एक्सलंट, व्हेरी गुड, गुड, ॲव्हरेज. एकीत बरोबरची खूण करायची आणि सही.

ज्या माणसानं आयुष्यभर हेच केलं त्याला किती वेळ लागावा? भाऊजींनी आठ दिवस घेतले.

रोज सकाळी फॉर्म बाहेर निघायचा, पॅडला लागायचा, वर पट्टी ठेवली जायची. मी भिंतीवरून विचारायची, "झालं का?" ते म्हणायचे, "विचार चालू आहे." कसला, तर दर्जाचा. मी म्हणलं, अहो, एक्सलंटवर खूण करा आणि मोकळे व्हा. म्हणले, "वहिनी, एक्सलंटच्या पुढं काही नसतं. माणसाच्या पुढं काहीतरी ठेवावं." मग खाली दोन ओळी तरी लिहा, एक्स्ट्रीमली हार्डवर्किंग म्हणून. तर म्हणले, "एक्स्ट्रीमली म्हणजे टोकाला. टोकावर उभा केलेला माणूस पडतो." शांताबाई आतून म्हणाली, "तुमच्या शब्दांच्या नादात त्या पोरीची जागा जाईल." त्यावर त्यांनी पट्टी सरळ केली.

शेवटच्या दिवशी फॉर्म भरला. पाकीट डिंकानं चिकटवलं, आणि लाख नव्हती म्हणून जोडावर मेणबत्तीचं मेण टाकून अंगठा दाबला. रेहानानं ते पाकीट दोन्ही हातांनी घेतलं, जसं काही त्यात दूध होतं.

तीन दिवसांनी मी ओट्यावर मेथी निवडत बसले होते. रेहाना आली आणि पायरीवर बसली. गायक्यांच्या घराकडं तिनं बघितलं नाही, तेव्हाच मला कळलं काहीतरी बिनसलंय. थोडा वेळ तिनं पण मेथी निवडली. मग म्हणाली, "काकू, मैं क्या कमी करी?"

"काय झालं गं?"

"तिथल्या मोठ्या बाईंनी बोलावलं होतं. म्हणल्या, तुझ्या साहेबांनी तुला साधंच लिहिलंय. आमच्या चौकटी सोडून स्वतःच्या हातानं वेगळी चौकट काढली, गुडच्या जवळ. दुसरी एक बाई आहे, तिला एक्सलंट आहे. सोमवारपर्यंत बघते म्हणल्या." मेथीची काडी तिनं बोटाभोवती गुंडाळली. "चार वर्षांत मायच्या पाठीला एक जखम होऊ दिली नाही मी. साहेबांनी बघितलं नाही का?"

मी तशीच उठले. भिंत नको म्हणलं, आज फाटकातून जायचं. भाऊजी ओट्यावर होते. मी म्हणलं, "तुम्ही फॉर्मवर चौकट काढली?"

"काढली. त्यांच्याकडं पॉझिटिव्हली गुड नव्हतं. राहून गेलं असेल छपाईत."

"छपाईत राहून गेलं नाही हो. जगात कुणाकडंच नाही ते, तुमच्या कचेरीशिवाय. पोरीची जागा चाललीय."

ते मला समजावायला लागले की निश्चित चांगला हा काही कमी शेरा नाही, प्रामाणिक साहेब तोच देतो, बाकी सगळे वशिल्याचे. मी ऐकून घेत होते. तेवढ्यात शांताबाई हात पुसत बाहेर आली. ही बाई नवऱ्याला कधी वरच्या आवाजात बोलत नाही. त्या दिवशीही बोलली नाही.

"उद्या छावणीत जा," ती म्हणाली. "आणि तिथं खरं ते सांगा."

"मी खरंच लिहिलंय, शांता."

"मला माहीत आहे तुम्ही काय लिहिलंय. वहिनी, तुम्ही जा बरं यांच्याबरोबर."

मला वाटलं ती मला पाठवतेय ती रस्ता दाखवायला. दुसऱ्या दिवशी भाऊजी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, खिशाला दोन पेनं लावून तयार होते. रेहानाला मी निरोप देऊन बोलावून घेतलं होतं. तिथं पोचलो तर ती आधीच व्हरांड्यातल्या बाकावर बसलेली. भाऊजींनी तिच्याकडं बघून मान हलवली, तिनं पदर सारखा केला. आम्ही दोघं आत गेलो. दार उघडंच राहिलं.

तिथल्या मोठ्या बाई पन्नाशीच्या, चष्मा साखळीला अडकवलेला. चेहरा कामाचा होता, वाईट नव्हता. त्यांनी फॉर्म काढून पुढं ठेवला. पाचवी चौकट मी तेव्हा पहिल्यांदा बघितली. काय सुबक काढली होती, छापल्यासारखी.

"काका, ही चौकट तुम्ही काढली?"

"हो."

"म्हणजे हे गुडच्या वर की खाली?"

"वर. पण व्हेरी गुडच्या खाली."

"मग व्हेरी गुड का नाही? चार वर्षं तुमच्या आईला सांभाळलं म्हणते ती. काही तक्रार होती का?"

आता भाषण होणार म्हणून मी पिशवी मांडीवर घेऊन नीट बसले. शिडी, डोंगर, टोक, सगळं येणार. पण भाऊजींचा हात खिशाकडं गेला. त्यांनी एक पेन काढलं, परत लावलं.

"तक्रार काही नव्हती," ते म्हणले. "व्हेरी गुड दिलं असतं तर तुम्ही तिला ठेवून घेतलं असतं."

बाईंनी चष्मा काढला. "मला समजलं नाही."

"आमच्या कचेरीत एक रीत होती, मॅडम. कुठं लिहिलेली नव्हती. हाताखाली एखादा माणूस लई कामाचा निघाला की साहेब त्याला चांगलं लिहायचे, पण पुरेसं चांगलं नाही लिहायचे. व्हेरी गुड दिलं की तो वर जाणार, दुसऱ्या कचेरीत जाणार, मग आपलं काम कोण करणार? म्हणून मधला शेरा. माणूस दुखावत पण नाही आणि हलत पण नाही." त्यांनी टेबलावरची ती चौकट बोटानं सरळ केल्यासारखी केली. "मला सव्वीस वर्षं तोच होता. साहेब बदलायचे, शेरा तोच. कपाटाची किल्ली माझ्याकडं असायची. बघायचं नसतं, पण एकदा बघितलं. घरी येऊन मायला सांगितलं, माय, मी निश्चित चांगला आहे. ती देवापुढं साखर ठेवायची. पुढं दरवर्षी ती विचारायची, यंदा काय? मी परत कपाट उघडून बघायचो आणि म्हणायचो, तेच. ती साखर ठेवायची. निवृत्तीच्या दिवशी शेवटच्या साहेबांनी खांद्यावर हात ठेवला आणि म्हणले, गायके, तुम्हाला सोडलं असतं तर आमचं टेबल बसलं असतं. तेव्हा मला ते कळलं. म्हणजे आधीपासून कळत होतं, पण त्या दिवशी कुणीतरी बोललं."

मी पिशवीचा बंद धरून बसले होते.

"आता माय नाही," भाऊजी म्हणले. "ही सकाळी येते, भाकरी करते, मायच्या गोष्टी सांगते. ती इकडं आली की ते बंद. मी आठ दिवस फॉर्म घेऊन बसलो, मॅडम. मला वाटत होतं मी दर्जा ठरवतोय."

बाईंनी चष्मा परत लावला. ड्रॉवर उघडून कोरा फॉर्म काढला आणि त्यांच्यासमोर सरकवला. भाऊजींनी पेन काढलं. पट्टी त्यांनी आणलेली होती, शर्टाच्या आत पोटाशी ठेवलेली, पण ती काढली नाही. पहिल्या चौकटीत त्यांनी अशी काही खूण केली की तिची शेपटी बाहेर जाऊन छापलेल्या ओळीवर पडली. सही केली. फॉर्म परत देताना म्हणले, "आणि मॅडम, तिला म्हाताऱ्या माणसांशी भांडू द्या. भांडण करते तेव्हा माणूस उठून बसतो."

बाहेर आलो तर रेहाना बाकावरून उठून उभी होती. दार उघडं होतं, सगळं तिच्यापर्यंत पोचलं असणार. भाऊजी तिच्यासमोर उभे राहिले आणि कुठं बघावं हे त्यांना समजेना.

ती म्हणाली, "साहेब, ऊन लई आहे. पाणी पिऊन जा."

तिनं माठातलं पाणी आणून दिलं. ते त्यांनी पूर्ण प्यायलं आणि पेला स्वतः विसळून पालथा ठेवला.

रेहाना सोमवारी रुजू झाली. गळ्यात ओळखपत्र घालून ती पहिल्या दिवशी आमच्या गल्लीतून मुद्दाम गेली. रस्ता तिचा तिकडून नाहीच. शांताबाईनं मीठ-मोहरीनं तिची दृष्ट काढली. सकाळच्या भाकऱ्या आता शांताबाई थापते, भाऊजी जळणारी भाकरी उलटतात. उलटलेली भाकरी ॲव्हरेज असते असं शांताबाई म्हणते, आणि ते ऐकून घेतात.

परवा संध्याकाळी मी दौलताबाद रस्त्यावर औषध आणायला गेले होते. शेअर रिक्षा थांबतात तिथल्या पुलाच्या कठड्यावर भाऊजी बसलेले दिसले. मी म्हणलं, इथं काय करताय. म्हणले, वारं घ्यायला आलोय. वारं कुठं होतं, ट्रकांचा धूर होता. मी पण शेजारी टेकले.

रिक्षा आली, रेहाना उतरली. भाऊजी उठले. नमस्कार नाही, कशी आहेस नाही.

"चार नंबरच्या आजी?"

"आज दीड भाकर खाल्ली, साहेब. दुधात कुस्करून."

"काल एक होती."

"हौ. आज भांडल्या मेरेसे, मग खाल्ली."

"खिडकीपाशी नेलं का?"

"नेलं. थोडा वेळ बसल्या, मग म्हणल्या, डोळ्यावर ऊन येतंय."

"उद्या पडदा अर्धा ओढ."

"बरं, साहेब."

ती तिच्या गल्लीकडं वळली. आम्ही दोघं आमच्या रस्त्याला लागलो, हळूहळू, माझ्या गुडघ्यांच्या हिशोबानं. मग मी विचारलं, "या चार नंबरच्या आजी तुमच्या ओळखीच्या आहेत का?"

"नाही," भाऊजी म्हणले. "मी बघितलं पण नाही त्यांना. त्यांचा मुलगा लई लांब असतो म्हणे." दोन पावलं पुढं जाऊन ते माझ्यासाठी थांबले. "आई किती जेवली, हे संध्याकाळी कुणीतरी विचारायला पाहिजे ना, वहिनी."